क्लास जूनमध्ये सुरू होतोय, कपडे आत्ताच घेऊ का?

तुम्ही विचारलंय की आठ वर्षांच्या लेकीला जूनपासून कथकला घालताय, नववीतल्या मुलाला हिप-हॉप शिकायचंय आणि स्वतःला झुंबा लावायचाय, तर तिघांचे कपडे, घुंगरू, बूट एकदमच घेऊन टाकावेत का. नका घेऊ. पहिले पंधरा दिवस घरात आहे त्यातलंच चालवा. फक्त आहे त्यातलं नेमकं काय काढायचं, ते प्रत्येक नाचात वेगळं असतं. मी कथक शिकले आणि आता लहान मुलांचे सुरुवातीचे वर्ग घेते, त्यामुळे कथकाबद्दल जरा जास्तच बोलणार आहे, सांभाळून घ्या.

कपडे निवडताना एवढंच बघायचं की शिकवणाऱ्याला अंगाचा कुठला भाग दिसायला हवा आणि पावलाला जमिनीवर काय करायचंय. रंग, मॅचिंग, कंपनी ही आपली हौस.

कथकात सुरुवातीचे कित्येक महिने ततकार, म्हणजे तालावर पावलं वाजवायचा सराव, चालतो. अख्खं पाऊल सपाट जमिनीवर वाजायला हवं, टाच उगाच उचलली जायला नको आणि गुडघे सरळ हवेत. मुलं दमली की गुडघ्यात वाकतात. हे सगळं मला दिसायचं तर पायात चुडीदार किंवा साधी लेगिंग हवी. पटियाला, पलाझो, शरारा नकोच. त्यात पाय दिसत नाहीत आणि चक्कर (गिरकी) घेताना मूल स्वतःच्याच कपड्यावर पाय देऊन पडतं. घेरदार अनारकली चक्करला सुंदर दिसतो, मान्य, पण त्याखाली वाकलेले गुडघे लपतात. तो पुढे कार्यक्रमाला घ्या.

कुर्ता सुती, गुडघ्यापर्यंत, दोन्ही बाजूंनी कट असलेला, बाही कोपरापर्यंत. लांब बाही मनगटावर उतरते आणि हस्तमुद्रा झाकल्या जातात. शिवून घेणार असाल तर ट्रायलच्या वेळी मुलीला दोन्ही हात डोक्यावर न्यायला सांगा. कुर्ता अख्खाच्या अख्खा वर चढला तर मुंढा आवळतोय, शिंप्याकडून तिथेच सैल करून घ्या. लांबीला वाढत्या अंगाचा घेतलात तरी चालेल, खांद्याला नको. खांदे उतरले की मुलं दर दोन मिनिटांनी ते सावरत बसतात आणि बोल चुकतात.

ओढणी सुतीच घ्या. शिफॉन, जॉर्जेट सरकते. आठ वर्षांच्या मुलीला मोठ्यांची ओढणी रुंदीला फार होते, तेव्हा उभी घडी करून एका खांद्यावरून तिरकी आणायची, विरुद्ध बाजूच्या कमरेला गाठ मारायची आणि खांद्यावर आतून एक पिन लावायची. गाठ बाजूलाच हवी. पाठीवर मारली तर तिला स्वतःला ती सोडता येत नाही आणि मधल्या सुट्टीत बाथरूमला जायच्या घाईत रडारड होते. हे मी दर बॅचला बघते. मुलगा असेल तर कुर्ता-पायजमा आणि कमरेला घट्ट बांधलेला शेला.

घुंगरू मात्र अजिबात घेऊ नका, कितीही गोड दिसले तरी. बहुतेक ठिकाणी पाय थोडा तयार झाल्यावर गुरूच सांगतात आणि काही जण छोटी पूजा करून बांधतात. सुरुवातीला एका पायाला पंचवीस ते पन्नास पुष्कळ झाले. पुढे शंभर होतात, मुरलेले कलाकार दीडशे-दोनशेही बांधतात. ते बघून लहान मुलीला शंभराची माळ बांधली तर वजनाने पाऊल उशिरा पडतं आणि लय कच्ची राहते.

घ्यायची वेळ येईल तेव्हा दुकानदार चामड्याच्या किंवा वेल्वेटच्या पट्ट्यावर शिवलेले घुंगरू पुढे करेल, कारण ते बांधायला सोपे. पट्टा हा मुख्यतः भरतनाट्यमचा प्रकार. कथकात सुती दोरीत एकेक घुंगरू गाठ मारून ओवलेला असतो. गाठी असतात म्हणून घुंगरू सरकून एका जागी गोळा होत नाहीत. प्रत्येकाच्या कडेवरून बोट फिरवून बघा, धारदार कड असेल तर माळ बदलून मागा. दोरीची दोन्ही टोकं वीतभर मोकळी हवीत, नाहीतर शेवटची गाठ बसत नाही. बांधताना चुडीदारच्या चुण्या आधी वर ओढून घ्या. चुण्या घुंगरांखाली दबल्या की टोचतात आणि घोटा सोलवटतो. आणि हो, घुंगरू पायातच बांधायचे पण एरवी त्यांना पाय लागला तर नमस्कार करायचा, याची मुलांना फार गंमत वाटते.

एकट्या पुण्यातच कथकाचे क्लास इतके झालेत (कथक गुरू रोहिणीताई भाटे यांनी इथे १९४७ साली नृत्यभारती ही संस्था सुरू केली, तेव्हापासून ही परंपरा रुजली) की प्रत्येकाचा गणवेश निराळा. कुणाकडे पांढरा कुर्ता-लाल ओढणी, कुणाकडे बॅचप्रमाणे रंग. म्हणूनही थांबा म्हणते. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक, म्हणजे कथकाची पहिली परीक्षा येईपर्यंत भरजरी पोशाखाचा विषय निघत नाही, आमच्याकडे तरी मुली क्लासच्याच ड्रेसमध्ये परीक्षेला बसतात. गॅदरिंगचा पोशाख भाड्याने मिळतो.

शेजारच्या भरतनाट्यमच्या क्लासचं बघून मुलीसाठी साडी घेऊ नका. तिथलं गणित उलटं. कथकात पाय सरळ, तर तिथे अरैमंडीत गुडघे बाहेर वळवून अर्धं बसायचं. म्हणून कमी पन्ह्याची सुती सरावाची साडी पायजम्यावर पोटरीपर्यंत नेसतात, म्हणजे गुडघे किती उघडले आणि पाठ ताठ आहे का, हे समोरून कळतं. लहान मुलींना तिथेही बरेचदा पंजाबी ड्रेसच चालतो, फक्त कमीजचे कट उंच हवेत, नाहीतर गुडघे उघडतच नाहीत.

लावणीच्या कार्यशाळेला कधी गेलात तर खाली लेगिंग आणि वर सुती नऊवारी. शिवलेली नऊवारी गॅदरिंगला ठीक, पण शिकताना नेसलेली बरी. कासोटा किती ताणला की बसता येतं, पदर कुठे खोचला की सुटत नाही, हे शिवलेल्यात कळत नाही.

तुमच्या मैत्रिणीच्या मुलीच्या बॅलेचं तुम्ही शेवटी विचारलंय. तिथे अंगाला चिकटून बसणारा लिओटार्ड आणि टाइट्स सांगतात त्यावरून आज्या नाराज होतात, पण बरगड्या, कंबर, गुडघा सरळ रेषेत आहे का हे सैल कपड्यात दिसतच नाही. मऊ चपला मात्र वाढत्या पायाच्या कधीच घ्यायच्या नाहीत, बोटांपुढे मोकळी जागा राहिली की पाय आत सरकतो. टोकावर उभं राहायचे कडक बूट हा अकरा-बारा वर्षांनंतरचा विषय, तोही काही वर्षं शिकून झाल्यावर आणि बाई सांगतील तेव्हाच.

आता तुमचा झुंबा. इथे कपड्यांपेक्षा बूट महत्त्वाचे. सकाळी पळायला जाता तेच बूट घालून जाऊ नका. पळायचे बूट पुढे जाण्यासाठी बनवलेले असतात, तळव्याला खाचा असतात आणि ते फरशी धरून ठेवतात. झुंब्यात सतत बाजूला सरकायचं, वळायचं असतं. बूट जागेवर अडकतो, अंग फिरतं आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. चाळिशीच्या आसपासच्या बायकांची गुडघेदुखी मला इथूनच सुरू झालेली दिसते. सपाट तळव्याचे, कमी खाचांचे, हलके बूट घ्या. तळवा थोडा झिजलेला जुना जोड असेल तर पहिल्या महिन्याला तोही चालेल. कपड्यांत सुती टी-शर्टचा माझा आग्रह इथे नाही, घामाने तो जड होऊन अंगाला चिकटतो. पटकन वाळणारं कापड घ्या. चांगली स्पोर्ट्स ब्रा घ्या, तिथे काटकसर नको. नुसते मोजे घालून नाचणं मात्र कुठल्याच क्लासला नको, फरशीवर सरळ घसरता.

मुलाचं सोपं आहे. हिप-हॉप न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये रस्त्यावरच्या पोरांनी उभं केलं, त्यामुळे सैल ट्रॅक पँट, टी-शर्ट एवढं बास. पँट बुटाखाली येऊ देऊ नका. बूट वेगळे ठेवा, पिशवीतून न्यायचे आणि आत गेल्यावर घालायचे, कारण रस्त्यावरची वाळू तळव्याला लागली की हॉल मालक ओरडतो आणि पाय सटकतो तो वेगळाच. मोबाइल खिशात ठेवून नाचू नये हे त्याला तुम्ही सांगा, आमचं ऐकत नाहीत. ब्रेकिंग (हिप-हॉपमधला जमिनीवर हात-गुडघे टेकून करायचा नाच) शिकायचं म्हणाला तर गुडघ्याचे पॅड लगेच घ्या. आजोबा 'हा काय नाच' म्हणाले तर २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग होतं हे त्यांना सांगून बघा.

तिघांनाही लागू असलेलं: अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. मंगळसूत्र लांब असेल तर आत खोचा. लेकीची वेणी लांब असेल तर अंबाडाच घाला, चक्करला वेणी तोंडावर बसते.

जूनमध्ये सुरू करताय म्हणजे पावसात. ओल्या चुडीदारमध्ये तासभर उभं केलेलं मूल दुसऱ्या दिवशी शिंकत असतं. पिशवीत कोरडी लेगिंग आणि पाय पुसायला पंचा असू द्या.

आणि क्लास बघायला जाल तेव्हा जमीन कसली आहे ते नक्की बघा. लाकडी असेल तर उत्तम. कडप्पा किंवा टाइल्सवर अनवाणी रोज ततकार केला तर लहान टाचा दुखतात, मग सतरंजीवर सराव चालेल का हे गुरूंना विचारावं लागेल. तुमच्या इथे काय आहे ते कळवा, मग पुढचं सांगते.