आजीच्या साड्यांतून आजीचा चेहरा : फोटोवरून चौकोनी तुकड्यांची गोधडी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आजीचा एक जुना फोटो आहे, तिच्या आठ-दहा साड्या आणि लुगडी आहेत. त्यांच्याच लहान चौकोनी तुकड्यांतून तिचा चेहरा दिसेल अशी गोधडी करायची आहे. पण चेहऱ्याच्या रंगाचं कापड त्यांत कुठेच नाही, मग बाजारातून आणावं का?

आणू नका. चेहऱ्याच्या रंगाचं कापड या कामाला लागतच नाही. लांबून बघताना आपली नजर चेहरा ओळखते ती उजेड आणि सावली कुठे पडली आहे यावरून. कपाळाचा उजळ भाग हिरवा असला आणि हनुवटीखालची सावली जांभळी असली तरी चालतं, फक्त तो हिरवा फिका हवा आणि जांभळा गडद हवा. अमेरिकेतल्या बिसा बटलर जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोंवरून माणसांच्या गोधड्या करतात. त्या चौकोन न वापरता कापडाचे आकार कापून एकावर एक बसवतात, पण त्यांचे चेहरे निळे, जांभळे, तांबडे असतात आणि तरीही माणूस जिवंत वाटतो. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने संग्रहात घेतलेली त्यांची २०१८ सालची ‘द सेफ्टी पट्रोल’ ही गोधडी नेटवर जरूर बघा.

तेव्हा पहिलं काम कापड छटांप्रमाणे लावण्याचं, आणि माझ्या मते निम्मी गोधडी इथेच होते. प्रत्येक साडीचा एक कोपरा दिसेल अशा घड्या शेजारी शेजारी मांडा, दिवसाच्या उजेडात मोबाइलवर फोटो काढा आणि तो काळापांढरा करा. लाल आणि हिरवा डोळ्यांना कितीही वेगळे वाटले तरी इथे बरेचदा एकाच राखाडीचे निघतात. आता फिक्यापासून गडदापर्यंत आठ गट करा. प्रत्येक साडीची उलटी बाजूही तपासा. छापील कापडाची उलटी बाजू सहसा एक-दोन पायऱ्या फिकी असते, म्हणजे एकाच साडीत दोन छटा मिळतात. चंद्रकळा असेल तर सर्वांत गडद गटाची काळजी मिटली. कमी पडतो तो बहुतेकदा सर्वांत फिका गट. त्यासाठी आजोबांचं धोतर किंवा आजीचा पांढरा परकर चालेल, आणि तो फार पांढराफटक वाटला तर चहाच्या पाण्यात बुडवून एक पायरी खाली आणता येतो. बारीक बुट्टीचं, बारीक चौकडीचं कापड साध्यापेक्षा चांगलं. मोठी फुलं मात्र टाळा, एकाच फुलाचा एक तुकडा फिका येतो आणि दुसरा गडद.

बारीक नक्षी का चांगली, त्याला कारण आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेतल्या लिऑन हार्मन यांनी अब्राहम लिंकनचा चेहरा मोजक्या मोठ्या चौकोनांत उतरवला होता. जवळून नुसते ठोकळे, डोळे किलकिले केले की लिंकन. हार्मन आणि त्यांचे सहकारी बेला युलेश यांनी दाखवलं की चेहरा ओळखण्यात अडथळा येतो तो चौकोनांमुळे चित्रात नव्याने शिरलेल्या तपशिलांचा. कडा पुसट झाल्या की चेहरा वर येतो. बारीक नक्षीचे दोन तुकडे शेजारी आले की त्यांच्यामधली कड तेवढी बोचत नाही.

फोटोबद्दल. एका बाजूने उजेड आलेला फोटो निवडा, खिडकीजवळ किंवा ओसरीवर काढलेला. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत सावलीच नसते, त्यातून नाक उभं राहत नाही. चेहऱ्याभोवतीची जागा निर्दयपणे कापा. ४० चौकोन रुंद आणि ५० चौकोन उंच अशी गोधडी धरली, तर डोकं २८ चौकोनांच्या आसपास रुंद यायला हवं. डोळा डोक्याच्या रुंदीच्या साधारण पाचवा हिस्सा असतो, म्हणजे प्रत्येक डोळ्याला पाच-सहा चौकोन मिळतात. याहून कमी मिळाले तर चेहरा कुणाचाही वाटायला लागतो. पूर्ण उभा फोटो किंवा जोडप्याचा फोटो पहिल्या गोधडीला घेऊ नका.

गिंप नावाची फोटोवर काम करायची मोफत संगणक प्रणाली आहे. तीत फोटो कापून काळापांढरा करा, कॉन्ट्रास्ट थोडा वाढवा, आकार ४० बाय ५० पिक्सेल करा आणि पोस्टराइझमध्ये (छटा मोजक्याच ठेवणारी सोय) ८ हा आकडा द्या. मग तोच फोटो इंटरपोलेशन बंद ठेवून, म्हणजे चौकोन पुसट न होता, मोठा करा आणि छापून घ्या, हा तुमचा नकाशा. संगणक सरासरी काढतो, त्यामुळे डोळ्यांतली चमक बहुधा राखाडीत बुडालेली असते. तिथे सर्वांत फिका एक चौकोन तुम्ही स्वतः ठेवा. चेहऱ्यात जीव येतो तो त्या एका तुकड्याने.

आता हिशेब. तयार चौकोन १ इंचाचा, चारही बाजूंना पाव इंच माया (शिवणीत जाणारं कापड), म्हणून तुकडा दीड इंचाचा कापायचा. असे २,००० तुकडे. ऐकायला प्रचंड वाटतं, पण ४४ इंच पन्ह्याचं कापड सगळं मिळून पावणेतीन मीटरच्या आत बसतं, आणि तेही आठ छटांत वाटलं जातं. काठ-पदर अख्खे राखून ठेवता येतील. तुकडे शेकडा दहा जास्त कापा.

एकेक तुकडा जोडत बसू नका. सर्वांत पातळ, कागदासारखं दिसणारं फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) आणा आणि त्याचे १५ इंची चौरस कापून त्यांवर दीड इंचाच्या चौकटी आखा. एका चौरसावर दहा बाय दहा तुकडे बसतात, असे २० चौरस. चिकट बाजू वर ठेवून तुकडे सुलटे मांडा. वीसही चौरस फरशीवर एकत्र ठेवून खुर्चीवर उभं राहून फोटो काढा, आणि खटकेल ते आत्ताच बदला, कारण इस्त्री फिरल्यावर तुकडा सुटत नाही. मग इस्त्रीने तुकडे चिकटवा आणि आखलेल्या रेषेवर सुलट्यावर सुलटं दुमडून पाव इंचावर टीप मारा. नऊ उभ्या टिपा झाल्या की आडव्या रेषांवर मायेला कातरीने छेद द्या, एका ओळीची माया डावीकडे आणि पुढच्या ओळीची उजवीकडे वळवा, म्हणजे जोडावर जाड गाठ येत नाही. मग नऊ आडव्या टिपा. चौरस साडेदहा इंचांचा भरला पाहिजे. टीप अर्ध्या सुताने (इंचाचा सोळावा भाग) जरी जाड पडत गेली, तरी नऊ टिपांत इंचभर कापड आत जातं आणि शेजारचा चौरस जुळत नाही. म्हणून डोळ्याचा चौरस आधी शिवा, मोजा आणि मगच पुढे जा. प्रत्येकाच्या मागे वरच्या बाजूला क्रमांक लिहा.

जुन्या कापडाची एक गोष्ट जपायची. साडी उजेडात धरा, जिथे विरलेली दिसेल तो भाग सोडा. बाकीच्याला फ्यूजिंगचा आधार मिळतो. नायलॉन आणि जरी गरम इस्त्रीखाली आकसतात, त्यांवर सुती फडकं ठेवूनच दाबा. लाल आणि गडद निळ्याचा रंग जातो का ते ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून आधीच बघा.

आपल्या गोधडीसारखा काठाकडून आत फिरत जाणारा धावदोरा इथे घालावासा वाटेल. मला तो अतिशय आवडतो, पण या कापडावर घालू नका. फ्यूजिंग आणि दुहेरी माया यांतून हातसुई सहज जात नाही, आणि चेहऱ्यावरून गेलेल्या रेषा सुरकुत्यांसारख्या दिसतात. आत जुनी सुती चादर, खाली अस्तर म्हणून एखादं मऊ लुगडं, आणि मशीनची टीप शिवणीच्या खाचेतूनच, मध्यम राखाडी दोऱ्याने. धावदोऱ्याची हौस भोवतीच्या पट्टीवर भागवा, राखून ठेवलेले काठ तिथेच लावायचे आहेत.

पांघरायला नको, भिंतीवर लावा. हा चेहरा दहा-बारा फुटांवरूनच नीट दिसतो. मागे वरच्या बाजूला चार इंच रुंदीची नळी शिवून त्यात काठी घाला, आणि जिथे ऊन येतं ती भिंत टाळा.