कोपरा कापलेलं तिकीट

प्रश्न : नमस्कार काका. माझ्या आजीच्या लोखंडी पेटीत जाड पुठ्ठ्याचं एक जुनं तिकीट सापडलं. त्यावर अंजनगाव आणि मूर्तिजापूर ही नावं आहेत, तिसरा वर्ग आहे, 'सी. आर.' आहे. तारखेतलं फक्त 'ऑक्टो' आणि '56' दिसतं. एक कोपरा तिरपा उडालेला आहे. आजी म्हणते, बाबासाहेबांच्या दीक्षेला नागपूरला गेलो तेव्हाचं आहे, माझ्या बापानं आणे मोजून काढलं. मोठे काका म्हणतात, तिकिटावर नागपूर नाही, ती लाइन विलायती कंपनीची होती म्हणून 'सी. आर.' जुळत नाही, पैसे नवे पैसेच असतील, आणि कोपरा उंदरानं खाल्ला. आजी तेव्हा दहा वर्षांची होती. खरं काय धरायचं? फोटो सोबत पाठवतो आहे.
– एक वाचक, अंजनगाव सुर्जी तालुका

उत्तर : पोरा, आधी कोपऱ्याचं सांगतो. उंदीर इतका सरळ कुरतडत नाही. तो कोपरा बुकिंगच्या खिडकीत बसलेल्या बाबूनं कात्रीनं कापलेला आहे. मी 1963 पासून त्याच खिडकीमागं बसलो आणि असे हजारो कोपरे कापले. लेकरांसाठी वेगळी तिकिटं ठेवलेली नसायची. मोठ्या माणसाचंच तिकीट काढायचं, त्यावर छापलेल्या तिरप्या रेघेवरून कोपरा कापायचा आणि अर्धे पैसे घ्यायचे. कापलेला तुकडा फेकायचा नाही, तो डबीत टाकून हिशोबाबरोबर वर पाठवायचा. तुकडा हरवला की ते तिकीट पूर्ण भाड्याचं धरलं जाई आणि फरक बाबूच्या खिशातून जाई. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी पंख्याखाली डबी उघडी ठेवली होती. टेबलाखाली ओणवा होऊन तुकडे वेचले, तेव्हापासून ती चूक परत केली नाही.

म्हणजे हे बारा वर्षांखालच्या लेकराचं अर्धं तिकीट आहे. तुझी आजी दहा वर्षांची होती. तिकीट तिचंच.

आता 'सी. आर.', म्हणजे सेंट्रल रेल्वे, आपली मध्य रेल्वे. तुझ्या मोठ्या काकांचं अर्धं बरोबर आहे. मूर्तिजापूर-अचलपूर आणि मूर्तिजापूर-यवतमाळ या दोन्ही लाइनी खाजगी विलायती कंपनीच्या मालकीच्या, किलिक निक्सनवाल्यांच्या. पण मालकी रुळांची. गाड्या चालवायच्या, तिकिटं विकायची हे काम आधी जीआयपीचं, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं, आणि 5 नोव्हेंबर 1951 ला मध्य रेल्वे झाल्यावर मध्य रेल्वेचं. त्यामुळं 1956 च्या तिकिटावर 'सी. आर.' हेच असायला पाहिजे. या लाइनीला लोक आता शकुंतला म्हणतात. आमच्या घरी ती लहान लाइन आणि मुंबई-नागपूरची ती मोठी लाइन, एवढंच म्हणायचे. लहान लाइनीच्या दोन रुळांत अडीच फूट अंतर, मोठीच्या साडेपाच फूट.

आणे-पैशांत आजीच बरोबर. नवे पैसे 1 एप्रिल 1957 ला आले. तोवर सोळा आण्यांचा रुपया. तिसरा वर्ग तर 1974 पर्यंत होता.

राहिलं नागपूर. याच्यावर मी दोन दिवस विचार केला. छापलेली पुठ्ठ्याची तिकिटं ज्या गावांना रोज गिऱ्हाईक असे त्यांचीच स्टेशनवर ठेवलेली असत. लांबच्या गावाला कागदाचं कोरं तिकीट हातानं भरून द्यावं लागे. खिडकीपुढं गर्दी असली की बाबू म्हणायचा, मूर्तिजापूरपर्यंत घ्या, पुढचं तिथं काढा. तुझ्या पणजोबांनी तसंच केलं असणार. मूर्तिजापूरला उतरून ते पुढची तिकिटं काढायला फाटकाबाहेर गेले, तेव्हा फाटकावरच्या टीसीनं त्यांच्या हातातलं तिकीट घेतलं. आजीला गाठोड्यांवर राखण बसवलं असेल. ती फलाटाबाहेर गेलीच नाही, तर तिचं तिकीट कोण घेणार? ते तिच्या मुठीतच राहिलं. पुढं नागपूरच्या फाटकावर तिनं नागपूरचं तिकीट दिलं आणि हे घरी आलं. म्हणून तर याच्यावर नागपूर नाही. असतं तर ते पेटीत राहण्याऐवजी नागपूरच्या टीसीजवळ राहिलं असतं.

मला हे इतकं नेमकं सुचतं कारण त्या आठवड्यात मी त्याच फलाटावर होतो. माझा जन्म 1941 चा, तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. बाबा मूर्तिजापूरच्या यार्डात हमाल होते. लहान लाइनच्या डब्यातून कापसाच्या गाठी मोठ्या लाइनच्या डब्यात चढवायच्या. एकेक गाठ 392 पौंडांची, म्हणजे आजच्या हिशोबानं पावणेदोनशे किलोच्या वर, आकड्यानं ओढत न्यायची. अंजनगावकडून विड्याच्या पानांचे बोजे यायचे, ते ओले ठेवून आधी पुढं काढायचे. दसऱ्याला कापूस नुकता फुटत असतो, गाठींचा जोर दिवाळीनंतरचा. त्यामुळं बाबांना काम कमी होतं.

दीक्षा दसऱ्याला होती, 14 ऑक्टोबर, रविवार. त्याच्या आधी दोन दिवस लहान लाइनच्या प्रत्येक गाडीतून पांढऱ्या कपड्यांतली माणसं उतरत होती. पांढरी लुगडी, पांढरे सदरे. बऱ्याच जणांची लुगडी नवी होती, खळ उतरलेली नव्हती, बसताना करकर वाजायची. एका म्हाताऱ्या बाईला बाबांनी विचारलं, "कुठी चालले जी?" ती म्हणाली, "नागपूरले. बाबासायबानं बलावलं." नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होतं. आपण मुंबई राज्यात गेलो ते त्यानंतर पंधरवड्यानं, 1 नोव्हेंबरला.

पाण्याचं सांगतो, हे मी आजवर कुठं लिहिलेलं नाही. स्टेशनावरचा पाणीवाला काही लोकांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचा, भांडं हाती द्यायचा नाही. अस्पृश्यतेचा कायदा आदल्याच वर्षी, 1955 ला झाला होता, पण त्याचा हात अजून वरच होता. बाबांनी मला यार्डातली बादली आणायला लावली. "पोट्ट्या, बादली ठेव, लोटा ठेव आन बाजूले हो. ज्याचं त्याले घेऊ दे." मी चारपाच खेपा केल्या. लोक आपल्या हातानं लोटा बुडवून घेत होते, लेकरांना पाजत होते. संध्याकाळी पाणीवाला बाबांशी भांडला. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांनी बादली परत तिथंच ठेवली.

मोठ्या लाइनीची पॅसेंजर आली की डब्यात शिरायला जागा नसायची. खिडकीतून आधी लेकरं आत द्यायची, मग गाठोडी. बडनेरा, धामणगाव, पुलगाव, वर्धा, प्रत्येक ठिकाणी आणखी माणसं चढणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी आतले हात बाहेर काढून ओढून घेत होते.

तारीख वाचायची असेल तर तिकीट उजेडापुढं धरू नकोस. रात्री टेबलावर आडवं ठेव आणि बाजूनं बॅटरीचा उजेड तिरपा पाड. तारखेच्या यंत्राचा ठसा दाबलेला असतो. शाई उडाली तरी खळगे राहतात. 11, 12 किंवा 13 निघायला पाहिजे. प्लॅस्टिकचं लॅमिनेशन अजिबात करू नकोस, डिंक लावू नकोस. साध्या कागदाच्या पाकिटात ठेव.

आणि तिकिटावरचा चार आकडी नंबर पाहा, फोटोत शेवटचा आकडा 7 वाटतो. ही तिकिटं नंबराच्या ओळीनंच विकायची असत, अर्धं असलं तरी त्याच गठ्ठ्यातलं. पणजोबांचं आणि पणजीचं या नंबराच्या लगतचंच असणार, आणि गावातून बरोबर आलेल्यांची त्यांच्या मागंपुढं. तुमच्या वस्तीत आणखी कुणाची आजी तेव्हा लहान होती ते विचार. तिलाही फलाटावर राखण बसवलं असेल, तर तिच्या पेटीतही पाहायला सांग.