मान्यता नसलेल्या राज्याचा नियामक युरोपीय संघाच्या संस्थेत बसू शकतो का?

बसू शकतो. मान्यता आणि सहभाग या कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्बियापासून वेगळ्या झालेल्या, पण सगळ्यांची मान्यता नसलेल्या कोसोवोचं उदाहरण घ्या, त्यावर तर युरोपीय संघाच्या न्यायालयाचा थेट निकालच आहे.

बेरेक ही संघातल्या दूरसंचार नियामकांची संस्था. संघाशी तसा करार केलेल्या 'तिसऱ्या देशां'चे (म्हणजे संघाबाहेरच्या देशांचे) नियामक तिच्या कामात मताधिकाराशिवाय भाग घेऊ शकतात, असं तिच्या २०१८ च्या नियमावलीतलं कलम ३५(२) सांगतं. त्याच आधारावर मार्च २०१९ मध्ये युरोपीय आयोगाने (संघाच्या कार्यकारी संस्थेने) कोसोवोच्या नियामकाला प्रवेश दिला. स्पेन कोर्टात गेला: आम्ही ज्याला राज्यच मानत नाही, तो 'देश' कसा? (ग्रीस, सायप्रस, रोमानिया आणि स्लोव्हाकिया यांचीही मान्यता नाही.)

२०२० मध्ये स्पेन हरला, पण अपिलात १७ जानेवारी २०२३ रोजी आयोगाचा निर्णय रद्द झाला. स्पेनचं म्हणणं कोर्टाने मान्य केलं, असा अर्थ अनेकजण यातून काढतात आणि तिथेच चुकतात. कोसोवोला 'तिसऱ्या देशा'सारखं धरणं आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध नाही, असंच कोर्ट म्हणालं. निर्णय पडला तो अधिकाराच्या मुद्द्यावर. सहभागाची कार्यव्यवस्था आयोगाने एकतर्फी ठरवली होती आणि तो अधिकार त्याला नव्हता. काम अडू नये म्हणून रद्द निर्णयाचे परिणाम जास्तीत जास्त सहा महिने चालू ठेवले.

म्हणून कुठल्याही संस्थेबाबत आधी तिच्या सनदेतला नेमका शब्द पाहा. जागतिक व्यापार संघटनेला 'स्वतंत्र सीमाशुल्क क्षेत्र' चालतं. तैवान २००२ मध्ये त्याच दारातून आत आला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघात मात्र राज्यच लागतं, त्यामुळे कोसोवोसाठी ३८३ या दूरध्वनी संकेतांकाचा अर्ज सर्बियाला करावा लागला.

मग करारावर सही कोणाची, ते बघा. कोसोवोशी झालेला स्थिरीकरण आणि सहकार्य करार (१ एप्रिल २०१६ पासून लागू) संघाने स्वतःच्या नावावर केला, सदस्य देशांच्या सह्या घेतल्याच नाहीत. घेतल्या असत्या तर तो त्या पाच देशांपाशी अडला असता.

अशा कराराचा मसुदा तुम्हीच लिहिणार असाल तर 'कोसोवो' शब्दावरची तारका विसरू नका. 'हे नाव दर्जाविषयीच्या भूमिकांना बाधा न आणता वापरले आहे', अशा आशयाची तळटीप तिच्याखाली असते. त्यात कोसोवोबाबतचा सुरक्षा परिषदेचा ठराव १२४४ आणि कोसोवोच्या स्वातंत्र्यघोषणेवरचं आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मत, दोन्हींचा उल्लेख लागतो.