जुनं एएसपी-ॲक्सेस सॉफ्टवेअर विंडोज ११ वर कसं चालवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाचनालयाचं सभासद आणि पुस्तकांचं सॉफ्टवेअर क्लासिक एएसपीत (वेबपानं बनवायची मायक्रोसॉफ्टची जुनी पद्धत) लिहिलेलं आहे, माहिती ॲक्सेसच्या एमडीबी फाइलमध्ये आहे. विंडोज एक्सपीचं मशीन गेलं, फोल्डर उचलून विंडोज ११ वर ठेवला. आधी ४०४.३ ही एरर आली, ती कशीबशी घालवली तर आता ‘प्रोव्हायडर कॅनॉट बी फाउंड’ येतंय. सगळं नव्याने लिहून घ्यावं लागेल का?

नाही लागणार. क्लासिक एएसपी विंडोज ११ च्या आयआयएसमध्ये (विंडोजचा स्वतःचा वेब सर्व्हर) आजही आहे, फक्त ते आपण होऊन चालू नसतं. ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये इंटरनेट इन्फर्मेशन सर्व्हिसेस, त्यात वर्ल्ड वाइड वेब सर्व्हिसेस, त्यात ॲप्लिकेशन डेव्हलपमेंट फीचर्स आणि तिथे ‘एएसपी’वर टिक. तुमची ४०४.३ ही टिक नसल्यानेच होती. पहिलं पान इंडेक्स डॉट एएसपी नावाचं असेल तर ते नाव ‘डिफॉल्ट डॉक्युमेंट’च्या यादीत हाताने घाला, यादीत डिफॉल्ट डॉट एएसपी असतं, इंडेक्स डॉट एएसपी नसतं, आणि मग ४०३.१४ ही एरर दिसते.

पुढे काहीही करण्याआधी खरी एरर दिसू द्या. आयआयएस मॅनेजरमध्ये साइट निवडा, ‘एएसपी’ उघडा, डीबगिंग प्रॉपर्टीजमध्ये ‘सेंड एरर्स टू ब्राउझर’ ट्रू करा आणि उजवीकडचं ‘अप्लाय’ दाबायला विसरू नका. हे बंद असताना प्रत्येक बिघाडाला एकच गुळमुळीत वाक्य येतं, ‘ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा’, ॲडमिनिस्ट्रेटर तुम्हीच. काम झालं की परत फॉल्स करा.

आता प्रोव्हायडर, म्हणजे डेटाबेसशी बोलणारा ड्रायव्हर. जेट ४.० हा जुना ॲक्सेस ड्रायव्हर फक्त ३२ बिट आहे. तो विंडोज ११ मध्ये असतोच, पण आयआयएस ६४ बिटमध्ये चालत असल्याने त्याला तो दिसत नाही. म्हणून नेटवर ड्रायव्हर शोधत बसू नका. या साइटसाठी आयआयएस मॅनेजरमध्ये वेगळा ॲप्लिकेशन पूल (साइट ज्यात चालते तो स्वतंत्र कप्पा) करा, त्यात ‘नो मॅनेज्ड कोड’ निवडा, ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ‘एनेबल ३२-बिट ॲप्लिकेशन्स’ ट्रू करा आणि साइटला तो पूल जोडा. पुष्कळ जण ६४ बिट एसीई हा ॲक्सेसचा नवा ड्रायव्हर टाकायला सांगतील. मशीनवर ३२ बिट ऑफिस असेल तर त्याचा इन्स्टॉलर अडून बसतो, आणि फाइल ॲक्सेस ९७ च्या काळातली असेल तर नवा एसीई ती उघडतच नाही. जेट उघडतो.

कोडमध्ये थेट फाइलचा पत्ता नसून डीएसएन (डेटाबेसच्या जोडणीला दिलेलं नाव) असेल तर तो ३२ बिट ओडीबीसीमध्ये (विंडोजमधलं डेटाबेस जोडण्यांचं साधन) नव्याने बनवावा लागेल. इथे नावांचा घोळ आहे: विंडोज फोल्डरातल्या सिस्टम३२ मधलं ओडीबीसी ६४ बिटचं, आणि सिसवॉव६४ मधलं ३२ बिटचं. तुम्हाला दुसरं हवं. जुन्या डीएलएल रजिस्टर करायच्या असतील तर त्याही सिसवॉव६४ मधल्या रेगएसव्हीआर३२ नेच.

यानंतर पानं उघडतील, पण सेव्ह केलं की ‘ऑपरेशन मस्ट यूज ॲन अपडेटेबल क्वेरी’. नाव क्वेरीचं असलं तरी भानगड परवानगीची असते. फाइल उघडताना जेट त्याच फोल्डरात एलडीबी नावाची लॉक फाइल तयार करतो, म्हणून नुसत्या एमडीबीला नव्हे तर अख्ख्या फोल्डरला ‘मॉडिफाय’ परवानगी हवी, आणि ती आययूएसआर या, लॉगिन न करता येणाऱ्यांसाठी आयआयएस वापरतं त्या, खात्याला. पानं त्याच्याच नावाने चालतात. ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ देऊन मोकळं होऊ नका. डेटा साइटच्या फोल्डरबाहेर ठेवलात तर उत्तमच. मधूनच नुसतं ‘अनस्पेसिफाइड एरर’ आलं तर जेटला टेम्प फोल्डरात लिहिता येत नाहीये. पूलच्या सेटिंगमध्ये ‘लोड यूजर प्रोफाइल’ फॉल्स करून पाहा.

‘डिसअलाउड पेरेंट पाथ’ आलं तर इन्क्लूडमध्ये दोन टिंबांचे पत्ते आहेत. एएसपीच्या बिहेवियरमध्ये ‘एनेबल पेरेंट पाथ्स’ ट्रू करा. सभासदांचे फोटो चढत नसतील तर लिमिट्समधली बॉडी लिमिट वाढवा, मुळात ती २,००,००० बाइट असते. स्मरणपत्रांचे ईमेल सीडीओएनटीएस या जुन्या ईमेल घटकाने जात असतील तर तो घटक विंडोजमध्ये आता नाही. तेवढा भाग सीडीओ डॉट मेसेजवर न्या आणि पोर्ट ४६५ वापरा, कारण ५८७ वरची स्टार्ट-टीएलएस ही सुरक्षित जोडणीची पद्धत त्याला जमत नाही.

इथपर्यंतच्या चुका निदान ओरडून सांगतात. तारखा गुपचूप बिघडतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ तिथेच द्यायला हवा. ०५/०३/२०२४ लिहिलं तर भारतीय सेटिंगमध्ये ते ५ मार्च, अमेरिकन सेटिंगमध्ये ३ मे. त्यात २५/०३ लिहिलं तर अमेरिकन सेटिंगमध्येही व्हीबीस्क्रिप्ट (एएसपी पानांमधला कोड ज्या भाषेत असतो ती) समजूतदारपणे २५ मार्चच घेतं. म्हणजे महिन्याच्या १२ तारखेपर्यंतच्या नोंदी चुकतात, पुढच्या बरोबर येतात, आणि विलंब शुल्काचा हिशेब लागेनासा होतो. कंट्रोल पॅनेलमध्ये तुम्ही बदललेला रीजन तुमच्या लॉगिनपुरता असतो, आययूएसआरला तो लागू होत नाही. म्हणून साइटच्या ग्लोबल डॉट एएसए या फाइलमधल्या सेशन_ऑनस्टार्टमध्ये सेशन डॉट एलसीआयडी, म्हणजे देशाच्या तारीख-पद्धतीचा क्रमांक, ठरवून टाका: भारतासाठी १६३९३, अमेरिकेसाठी १०३३. जुन्या मशीनवर जे होतं तेच द्या, मनाने नको. जुन्या छापील पावत्यांवरची तारीख पाहिली की ते कळतं. मग सभासदाच्या नावावर ५ तारखेची एक नोंद करा आणि ॲक्सेसमध्ये थेट टेबल उघडून महिना तपासा. एसक्यूएलमध्ये हॅशच्या दोन खुणांमधली तारीख मात्र ॲक्सेस आधी अमेरिकन पद्धतीनेच वाचतो, तुमचा एलसीआयडी काहीही असो. तिथे वर्ष-महिना-दिवस असा क्रम लिहिला की वाद मिटतो.

मराठी नावांच्या जागी रोमन खुणांची खिचडी दिसली तर घाबरू नका, डेटा शाबूत आहे. त्या काळची बरीच मराठी माहिती युनिकोडमध्ये नसून श्रीलिपीसारख्या फॉन्टच्या सांकेतिकीत असते. तोच फॉन्ट ज्या ज्या मशीनवर पान बघायचं तिथे टाका आणि पानांचा कोडपेज (अक्षरांच्या संकेतांचा तक्ता) १२५२ तसाच राहू द्या. अर्धी पानं यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडमध्ये, करून ठेवलीत तर शोध चालेनासा होईल. युनिकोडमध्ये रूपांतर करायचं तर सगळं एकदम, आणि एमडीबीच्या प्रतीवर.

एक मुदत मात्र लक्षात ठेवा. ही पानं व्हीबीस्क्रिप्टवर चालतात, आणि मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये ते काढून टाकणार असल्याचं जाहीर केलं आहे. विंडोज ११ च्या २४एच२ मध्ये ते ऐच्छिक घटक म्हणून आहे, अजून चालू स्थितीत; २०२७ च्या सुमारास ते आपोआप चालू राहणार नाही आणि पुढे कधीतरी विंडोजमधून जाईल. एखाद्या मोठ्या अपडेटनंतर सगळी पानं एकदम बंद पडली तर सेटिंग्जमधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये व्हीबीस्क्रिप्ट आहे का ते आधी पाहा, आणि टेबलांची सीएसव्ही प्रत आजच काढून वेगळ्या डिस्कवर ठेवा.