दारातली निळी बाटली : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गल्लीत आता दोन घरं सोडून तिसऱ्या घराच्या पायरीवर निळ्या पाण्याची बाटली ठेवलेली असते, म्हणे कुत्री घाण करायला येत नाहीत. कुत्री तर बाटलीला टेकून झोपूलालेत! तरी बाटल्या वाढूलालेतच. पुतण्या म्हणतो, 'काकू, हा मीम आहे.' मीम म्हणजे मोबाइलवरचे जोक ना?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : काकू, पुतण्याचं बरोबर आहे. मोबाइलवरचे जोक फार नंतर आले, मीमची कल्पना रिचर्ड डॉकिन्स या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञानं १९७६ मध्ये मांडली. जीन, म्हणजे आनुवंशिक गुण पुढं नेणारा शरीरातला घटक, जसा पिढ्यान्‌पिढ्या कॉपी होत जातो तशा समजुती, फॅशन, गाण्याच्या चाली एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात कॉपी होतात, आणि ज्याची कॉपी भरभर निघते, फारशी बिघडत नाही आणि जे बरेच दिवस टिकतं ते पसरतं. ते खरं असलंच पाहिजे अशी अट यात कुठंच नाही!

आता तुमची बाटली बघा. रिकामी बाटली घरात असतेच, वर दोन थेंब नीळ, खर्च काहीच नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती दिसते, म्हणजे कुणी कुणाला सांगायचीसुद्धा गरज नाही. भाषाही लागत नाही, त्यामुळं मराठी गल्लीतही तीच आणि कन्नड गल्लीतही तीच. १९९० च्या दशकात कर्नाटकात रात्री दार ठोठावणाऱ्या भुताला परत पाठवायला दारावर 'नाळे बा', म्हणजे उद्या ये, असं लिहायची लाट आली होती, त्यात निदान अक्षरं तरी गिरवावी लागायची. आणि खरी गंमत पुढंच आहे, एक दिवस कुत्रं फिरकलं नाही की बाटलीचा गुण, आणि आलं की 'नीळ फिकी पडली असेल, बदलायला पाहिजे'. म्हणजे उपाय फसला तरी बाटली नव्यानं भरली जाते, हरायची सोयच ठेवलेली नाही त्यात.

पण मीमवाल्यांचं सगळंच मला पटत नाही. डॅन स्पर्बर या फ्रेंच अभ्यासकाचा आक्षेप असा की माणूस झेरॉक्स मशीन नाही, तो ऐकलेलं आपल्या परीनं पुन्हा जुळवतो. म्हणून तर कुठं नीळ, कुठं लाल रंग. इंग्लंडच्या बार्टलेट या मानसशास्त्रज्ञानं १९३२ च्या पुस्तकात एक प्रयोग दिलाय, त्यात त्यानं एक परकी लोककथा एकाकडून दुसऱ्याकडं नेलेली, तर अनोळखी तपशील गळत गेले आणि ओळखीचे आत शिरले. मीमशास्त्राचं ऑनलाइन जर्नल १९९७ ला निघालं नि २००५ ला बंदही पडलं, अभ्यास मात्र सांस्कृतिक उत्क्रांती या नावानं जोरात चालू आहे.

प्रश्न : सासूबाई म्हणतात, सगळे करतात म्हणजे काहीतरी असेलच. हे अडाणीपण नाही का?
– एक सूनबाई, निपाणी

उत्तर : नाही हो ताई, सासूबाईंना अडाणी म्हणू नका. बॉइड आणि रिचर्सन या अमेरिकन जोडीनं १९८५ मध्ये गणितं मांडून दाखवलं की चारचौघांचं बघून करणं बऱ्याचदा फायद्याचंच पडतं, प्रत्येक गोष्ट स्वतः तपासत बसलो तर स्वयंपाक कधी करायचा? कुठलं अळू खाजतं हे आपण आजीकडूनच शिकलो ना. बाटलीचं मात्र तपासता येतं. एक आठवडा ठेवा, एक आठवडा काढा, असं दोन महिने करा आणि रोज सकाळी पायरी बघून कॅलेंडरवर खूण करा. खूण सासूबाईंनाच करू द्या, तुम्ही केलीत तर त्या मानणार नाहीत.