अकरा वेळा ‘कसं झालंय?’

“बघा की मॅडम, अडीच तास उभी होते. पास्ता केला, सॉससुद्धा घरचा. ताट पुढ्यात ठेवलं तर आत्ती म्हणतात, ‘भात हाय काय?’ ह्यांनी अर्धं खाल्लं आणि वर शेव घेतली. धाकट्यानं तोंडच उघडलं नाही. मी काय येडी आहे काय?”

शहापुरातल्या ह्या बाई (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत) माझ्याकडे आल्या होत्या झोप लागत नाही म्हणून. दहा मिनिटांत गाडी स्वयंपाकघरात शिरली. बेळगावात ही तक्रार मी बऱ्याचदा ऐकते. घरात वेगळं काही केलं की कोणी खात नाही, आणि बाईला वाटतं आपलंच चुकतंय.

नवरा उद्यमबागेत फौंड्रीत, शिफ्टची नोकरी. मुलगी नववीत, मुलगा पाच वर्षांचा, सासूबाई, म्हणजे त्यांच्या ‘आत्ती’, सत्तरीच्या. बाई पूर्वी शाळेत शिकवायच्या. धाकटा झाल्यावर नोकरी सुटली. वर्षभर आठवड्यातून तीन रात्री इटली, मेक्सिको, लेबनॉन असा दौरा चाललेला.

माझा पहिला सल्ला पुस्तकी निघाला, कबूल करते. सगळ्यांनी बसून आठवड्याचा मेनू ठरवा, म्हटलं. ठरला. शनिवारी मिसळ, रविवारी कोंबडी, मधे आमटी-भात. जगाला एकही मत पडलं नाही. हे सांगताना बाई आधी हसल्या आणि मग त्यांचे डोळे भरून आले.

पुढच्या वेळी मी मेनू सोडला. म्हटलं, कालची रात्र सांगा, आठ वाजल्यापासून. कोण कुठं बसतं, तुम्ही कुठं असता?

“मी ओट्यापाशी. उभी.”

“आणि जेवता कधी?”

“सगळ्यांचं झाल्यावर.”

म्हणजे चौघं जेवतायत आणि एक बाई उभी राहून चौघांच्या तोंडाकडे बघतेय. घास गेला की प्रश्न, ‘कसं झालंय?’ तो प्रश्न किती वेळा येतो ते मोजायला सांगितलं. पुढच्या बुधवारी मुलीनं मोजून दिलं. अकरा!

अकरा वेळा परीक्षा घेतली तर आमटीसुद्धा घशाखाली उतरायची नाही. चांगलं म्हणावं तर उद्या पुन्हा तेच, वाईट म्हणावं तर रडारड. घरच्यांनी मधला मार्ग काढला होता, गप्प बसायचं.

“हे सगळं कुणासाठी करता?”

“मुलांसाठी. सगळं खायची सवय लागावी म्हणून.”

“मे महिन्यात मुलं मामाकडे गेली होती म्हणालात. तेव्हा काय केलंत?”

त्या जरा थांबल्या. “शक्षुका. दोनदा. एकटीसाठी.” आणि मग बाई खुलल्या. कांदा, ढबू मिरची, टोमॅटो तेलात मऊ होईपर्यंत शिजवायचं, जिरेपूड आणि तिखट घालायचं, डावानं खळगे करून त्यात अंडी फोडायची, झाकण ठेवायचं. पिवळं वाहतं राहिलं पाहिजे, मग पावानं तवा पुसून खायचं. ट्युनिशियाकडचा पदार्थ. हात हवेत चालत होते. वर्गात शिकवताना ह्या बाई अशाच दिसत असणार, असं मला वाटून गेलं.

माझ्या मते गोम इथं होती. नोकरी गेल्यावर नवीन काही शिकायची जागा उरली ती स्वयंपाकघरात. पण ‘मला आवडतं म्हणून करते’ हे सुनेच्या तोंडून सहज निघत नाही, म्हणून मुलांचं नाव पुढं. आणि मग त्या आनंदाचं बिल शाबासकीच्या रूपात घरच्यांच्या नावानं फाटायचं.

ठरवलं ते एवढंच. वेगळी रात्र आठवड्यातून एकदा. ताटात ओळखीचं एक तरी हवं, भात, भाकरी किंवा दही. बाईंनी पहिल्या पंगतीलाच बसायचं. ‘कसं झालंय?’ बंद.

धाकट्याचं वेगळं. दोन ते सहा वर्षांच्या मुलांना नव्या चवीची भीती असतेच, ती खोड नव्हे. एखादा पदार्थ आठ-दहा, कधी पंधरा वेळा पानात दिसल्यावर हात पुढं येतो. एलिन सॅटर ह्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंची एक विभागणी मी नेहमी सांगते. काय, कधी आणि कुठं वाढायचं हे आईबापांनी ठरवावं. खायचं की नाही आणि किती, हे पोरानं.

सासूबाईंना ‘परदेशी’ खाणं नको होतं. आता मिरची, टोमॅटो, बटाटा तिन्ही मूळचे अमेरिका खंडातले. मिरची आपल्याकडे आली पोर्तुगीजांबरोबर, म्हणजे गोव्याकडूनच. हे मी त्यांना ऐकवलं नाही. वादात जिंकून कुणाच्या पोटात घास जात नाही.

बाईंनी मात्र जुळवाजुळव छान केली. मेक्सिकोच्या टॉर्टियाऐवजी ज्वारीची भाकरी, त्यावर राजमा, कच्चा कांदा, लिंबू. तिकडं मका चुन्याच्या पाण्यात शिजवून त्याचं पीठ करतात, हे त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो निपाणीचा. चुना म्हटल्यावर त्याला तंबाखूच आठवली, आणि त्या रात्री जेवताना घर पहिल्यांदा हसलं म्हणे.

सगळं सुरळीत झालं असं नाही. तिसऱ्या आठवड्यात प्रश्न सुटलाच तोंडून, दोनदा. मुलीनं नुसती बोटं दाखवली. झोप सुधारली आहे, पण दुपारचं रिकामपण आहे तिथंच. शिकवण्या सुरू करण्याबद्दल आमचं बोलणं अजून चालू आहे.

मागच्या भेटीत हुम्मसची, म्हणजे लेबनॉनकडच्या छोल्यांच्या चटणीची गोष्ट निघाली. छोले भिजवून मऊ शिजवले, लसूण, लिंबू तयार. पण पांढरे तीळ मिक्सरमधे बारीक होईनात, भांड्याला चिकटून बसले. सासूबाई दारातून बघत होत्या.

“मिक्सरला काय जमतंय ते. पाट्यावर घे की.”

मग पदर खोचून त्याच बसल्या आणि लोण्यासारखं वाटून दिलं. धाकट्यानं भाकरीचा कोपरा बुडवून चाटला. आत्तींनी हात धुतले, आमटी-भात वाढून घेतला, आणि हुम्मसला बोटसुद्धा लावलं नाही.