आर्किटेक्चर शिकताना क्रिएटिव्हिटी कशी वाढवायची? कोल्हापुरात राहून जमेल का?

तू लिहिलंयस की कोल्हापुरात थर्ड इयरला आहेस, काहीही डिझाइन केलं तरी शेवटी ते पिंटरेस्टवर बघितलेल्यासारखंच दिसतं, सर म्हणाले तुझ्यात क्रिएटिव्हिटी कमी आहे, आणि आता ती वाढवायची कशी आणि त्यासाठी पुण्या-मुंबईला जावंच लागेल का असं विचारतोयस. तुझ्या सरांचं वाक्य मी पण ऐकलंय, माझ्या वेळी शब्द वेगळे होते एवढंच. म्हणून लिहायला बसले, आणि हे लांबणार आहे.

मी फोर्थ इयरला पंचगंगेकाठच्या वस्तीतली घरं हा विषय घेतला होता. तीन आठवडे टेप घेऊन फिरले. ३१ घरांची जोती मोजली, २००५ च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं त्याच्या खुणा लोकांनी भिंतीवर करून ठेवलेल्या असतात, त्या मोजल्या, आणि सगळं एका लांब शीटवर एकाच लेव्हलच्या रेषेवर काढलं. मला ती शीट फार आवडायची. ज्युरीला, म्हणजे काम तपासून मार्क द्यायला, बाहेरून आलेल्या सरांनी ती अर्धा मिनिट बघितली आणि म्हणाले, सर्व्हे छान आहे, डिझाइन कुठाय? कॉन्सेप्ट कुठाय? तू सर्व्हेअर चांगली होशील. वर्गात सगळे हसले. माझ्या शेजारी ज्याचं मॉडेल होतं त्याचा कॉन्सेप्ट होता 'लाट', छप्पर लाटेसारखं, आणि त्याच्या घरांचं जोतं होतं दीड फूट, नदीकाठी. त्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळाले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर, जिथं पंचगंगेची पातळी मोजतात तिथं, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४३ फूट असते, तेव्हा २००५ च्या त्या खुणा पण पाण्याखाली गेल्या आणि मला ती शीट आठवली. असो.

पण मला सांगायचंय ते ती ज्युरी आणि हा पूर यांच्या मधलं, पहिल्या नोकरीतलं. ऑफिस कोल्हापुरातलंच, महिना सात हजार. सहा महिने मी दुसऱ्यांच्या बंगल्यांचे टॉयलेट डिटेल काढले, मग एक तालमीचं काम आलं. नाव लिहीत नाही. जुनी तालीम, दगडी भिंती, वर मंगलोरी कौलं, वासे कुजलेले, उत्तरेची भिंत वरच्या बाजूला फुगलेली. मंडळाला खाली तालीम तशीच ठेवून वर स्लॅब टाकून हॉल पाहिजे होता. ऑफिसातल्या सरांनी मला पहिलं स्केच करायला दिलं आणि मी तीन दिवसात केलं. दोन्ही बाजूंनी सहा-सहा फुटांच्या खिडक्या, बाहेरनं जाणाऱ्या माणसाला आत कुस्ती दिसावी म्हणून पुढं काच, भरपूर उजेड, भरपूर हवा. रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेलं खऱ्यासारखं चित्र, इतका देखणा आलेला की मी तो घरी आईला दाखवला.

वस्तादांनी तो मोबाईलवर बघितला, दोन बोटांनी मोठा करून परत बघितला आणि म्हणाले, "ताई, खिडकी झ्याक हाय, पर पोरगं चीत पडलं की त्येच्या डोळ्यावरच ऊन यील की. आनि घामेजल्या अंगाला वारं लागलं की आखडतंय ओ." एवढंच. रागावले नाहीत, हसले पण नाहीत, मोबाईल परत दिला.

मला रात्रभर झोप नाही आली. मी त्या तालमीच्या आत एकदाही गेले नव्हते. बायका आत जात नाहीत असं सगळ्यांनी सांगितलं आणि मी पण मान डोलवून फोटोवरनं काम केलं. दुसऱ्या दिवशी सरांना म्हटलं मला आत मोजायचंय. त्यांनी वस्तादांना फोन लावला, बराच वेळ बोलणं चाललं, शेवटी ठरलं की दुपारी एक ते तीन तालीम रिकामी असते तेव्हा यायचं, चप्पल बाहेर, आधी मारुतीला नमस्कार. मी नऊ दुपारी गेले. वस्ताद बाहेर कट्ट्यावर बसायचे आणि मी आतनं ओरडून विचारायचे.

दार ५ फूट ३ इंच. भिंत २२ इंच. हौदा, म्हणजे कुस्तीच्या मातीची जागा, १८ बाय १८ फूट. झरोके म्हणजे नुसती भोकं, एका बाजूला तीन, आणि त्यांचा खालचा काठ जमिनीपासून साडेआठ फुटांवर. सहावीतल्या पोराला पण कळेल की गरम हवा वर जाते, मला पाच वर्षांच्या डिग्रीनंतर ते तिथं उभं राहून कळलं: घामाची वाफ वरनं निघून जाते आणि कुस्ती चालते त्या उंचीला वाऱ्याची झुळूक लागत नाही. आणि माती. त्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालतात हे कोल्हापुरात सगळ्यांना माहिती असतं, पण ती ओलसर राहावी लागते, ऊन लागलं की वाळते, वाळली की कडक होते आणि पोरं सोलवटतात. म्हणजे मी ज्याला 'अंधारी जागा' म्हणून सुधारायला निघाले होते तो अंधार मातीसाठी होता. दार बुटकं का, तर वाकून आत यायचं, हे त्यांनी सांगितलं आणि मी वहीत लिहिलं.

मग मी शहाणपणा करून म्हटलं, आणि जमीन रस्त्यापेक्षा दीड फूट खाली घेतलीय ती थंडाव्यासाठी ना? वस्ताद म्हणाले, "न्हाई ओ, रस्ता वर आलाय. डांबरावर डांबर टाकून टाकून." हे पण वहीत लिहिलंय. जुनं आहे म्हणून सगळ्याला कारण असतंच असं नाही, त्यामुळं विचारल्याशिवाय थिअरी मांडायची नाही. पावसात पाणी आत येत होतं म्हणून आम्ही उंबरा वाढवला आणि बाहेर गटाराला जाळी टाकली, त्यात कसलाही कॉन्सेप्ट नाही.

दुसरं स्केच मी झरोक्यांवरनं केलं. उत्तरेची फुगलेली भिंत वरनं उतरवून सहा इंची विटांत करायचीच होती, तर तिथं साडेआठ फुटांच्या वर दोन-दोन फूट रुंदीच्या खिडक्या, नॉर्थ लाइट, पुस्तकात लिहिलेलंच आहे की उत्तरेकडनं ऊन येत नाही. सरांनी विचारलं, मे महिन्यात सूर्य उगवतो कुठं? मी म्हटलं पूर्वेला. ते गप्प बसले. मग त्यांनी कॅलेंडरच्या पाठीमागं काढून दाखवलं. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तरेला. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य आपल्या डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणून पेपरात येतं ते, आणि तिथनं पुढं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परत डोक्यावर येईपर्यंत तो आपल्या उत्तरेला असतो. उगवतो पूर्वेच्या उत्तरेला, मावळतो पश्चिमेच्या उत्तरेला. म्हणजे मे महिन्यात सकाळी, ऐन जोर-बैठकांच्या वेळेला, उत्तरेच्या खिडकीतनं तिरपं ऊन आत.

मी विचारलं, मग जुन्या झरोक्यातनं कसं येत नव्हतं? आणि विचारता विचारताच उत्तर सापडलं, तो क्षण मी विसरणार नाही. २२ इंचांची भिंत. ऊन इतकं तिरपं येतं की भिंतीच्या जाडीतच अडकतं. मी भिंत सहा इंच केली म्हणजे ती जाडी काढून टाकली, आता ती दुसरीकडनं परत द्यायला पाहिजे. खिडकीच्या दोन्ही बाजूंना नऊ इंच बाहेर येणाऱ्या उभ्या पट्ट्या काढल्या, सहा आणि नऊ पंधरा, दोन फुटांच्या खिडकीला जूनच्या उन्हातही पुरतात, मी कोन काढून बघितलं.

अंबाबाईचा किरणोत्सव, मावळतीचं ऊन थेट गाभाऱ्यात देवीपर्यंत पोचतं तो, आपण लहानपणापासून बघतो, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर. वर्षातनं दोनदाच का, हा प्रश्न मला त्या दिवसापर्यंत पडला नव्हता. सूर्य दक्षिणेला जाताना त्या जागेवरनं जातो आणि परत येताना त्याच जागेवरनं येतो, म्हणून दोनदा. शून्य सावली दोनदा येते ती पण याच कारणानं. ज्यांनी ते देऊळ बांधलं त्यांनी सूर्य मोजला होता, आणि त्यांना कुणी सर्व्हेअर म्हटलं नसणार.

तर तुझा प्रश्न. तुझं डिझाइन पिंटरेस्टसारखं दिसतं कारण तुझ्याकडं आत साठलेलं फक्त पिंटरेस्टच आहे, आणि त्यात तुझी चूक नाही, वर्षाला दोन प्रोजेक्ट आणि डेडलाइन, पोरं दुसरं काय करणार. फोटोत भिंतीची जाडी दिसत नाही, झरोका किती उंचीवर आहे ते कळत नाही, का आहे ते तर अजिबातच नाही. म्हणून फोटोतनं फक्त आकार उचलता येतो. टेप, वही, पेन्सिल घे आणि महिन्याला एक जागा पूर्ण मोज, प्लॅन आणि सेक्शन (जागा उभी कापली तर कशी दिसेल ते चित्र) दोन्ही, हातानं. सेक्शन जास्त महत्त्वाचा. मोबाईलवर स्कॅन करू नको, स्कॅन केलं की मोजलेलं डोक्यात राहत नाही. आणि तिथं रोज वावरणाऱ्या माणसाला विचार.

जागा कुठली? अरे तू कोल्हापुरात आहेस! खासबाग मैदानात जाऊन शेवटच्या रांगेत बस आणि तिथनं हौदा अख्खा का दिसतो त्याचा सेक्शन काढ, शाहू महाराजांनी रोममध्ये कोलोसियम बघितलं होतं आणि १९१२ ला हे मैदान पूर्ण झालं, पण इथं त्यांनी त्याची नक्कल नाही केली, कुस्तीला लागतं ते केलं. खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात जा, स्वर्गमंडपाखाली, वर छत उघडं आहे तिथं दुपारी उजेडाचा गोल जमिनीवर सरकताना दर अर्ध्या तासानं खडूनं नाही तर निदान वहीत खूण कर. पन्हाळ्याच्या अंबरखान्याची, म्हणजे धान्याच्या जुन्या कोठाराची, भिंत मोज. न्यू पॅलेस सगळे बघतात, त्याचं डिझाइन करणाऱ्या मेजर मँटचाच टाऊन हॉल पण बघ, दोन्हींचे जिने बघ. आणि तुझ्या आजीचं घर असेल गल्लीत तर सोपा, माजघर, परडं आधी ते मोज, ते पडायच्या आत.

पुण्या-मुंबईचं म्हणशील तर मी गेले नाही, म्हणून माझं मत एकतर्फी असू शकतं हे धरून चाल. तुला उंच टॉवर, एअरपोर्ट, हॉस्पिटल करायची असतील तर जा, ते काम इथं शिकायला मिळणार नाही, आणि पगार पण तिकडंच आहे, माझे सात हजार घरी राहत होते म्हणून पुरले, भाडं भरून नसते पुरले. शिवाय माझे सर कॅलेंडरच्या मागं सूर्य काढणारे होते, सगळीकडं असे मिळत नाहीत, तसे नसतील तर सहा महिन्यांत ऑफिस बदल. पण क्रिएटिव्ह व्हायला म्हणून जाऊ नको. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी पुण्यात जन्मले, पॅरिसला ल कॉर्बुझिए या मोठ्या आर्किटेक्टकडं काम केलं, आणि २०१८ ला प्रिट्झकर, आर्किटेक्चरमधलं सगळ्यात मोठं बक्षीस, मिळालं ते अहमदाबादेत परत येऊन तिथल्या उन्हाला, तिथल्या माणसांना धरून केलेल्या कामाला. जाणं वाईट नाही, पण परत येऊन कुठल्या मातीत उभं राहणार ते माहीत पाहिजे.

आणि कॉन्सेप्टबद्दल, आता लिहूनच टाकते. कॉन्सेप्ट आधी सुचत नाही. आधी मोजायचं, मोजताना काहीतरी न जुळणारं सापडतं, ते का हे विचारायचं, आणि त्या 'का'च्या उत्तराला नंतर लोक कॉन्सेप्ट म्हणतात. ज्या सरांनी मला सर्व्हेअर म्हटलं त्यांनी त्या ३१ घरांपैकी एकाही घराचा उंबरा ओलांडला नव्हता. तुला 'क्रिएटिव्हिटी कमी' म्हणणाऱ्यांना एवढंच विचार की त्यांनी शेवटचं स्वतःच्या हातानं काय मोजलं. उद्धटपणे नको विचारू, मार्क त्यांच्या हातात आहेत. आणि कदाचित तुझी शीट खरंच कमजोर असेल, ते पण बघ, मला तुझं काम माहीत नाही.

तालीम झाली पूर्ण. वरचा हॉल मंडळाला पाहिजे तसा झाला, पुढं चकचकीत पत्रे लावलेत ते मला आजही बघवत नाहीत. उत्तरेच्या पट्ट्या माझ्या ड्रॉइंगमध्ये नऊ इंच होत्या, साइटवर तीन इंच झाल्या, कारण गणपतीला फ्लेक्स लावायला भिंत सपाट पाहिजे. मी भांडले, हरले. तेव्हा शेजारचं दुमजली घर आडवं होतं म्हणून काही दिसलं नाही, ते घर पडल्यावर मेच्या शेवटी वस्तादांचा फोन आला की उगवतीला आत ऊन येतंय. मी पहाटे पावणेसहाला गेले, आता मला आत घेतात. पश्चिमेच्या भिंतीवर वरच्या बाजूला उन्हाची बारीक पट्टी उमटली, दहा-एक मिनिटं राहिली, गेली. मी म्हटलं, वस्ताद, राहिलेले सहा इंच मी माझ्या खर्चानं लावून देते. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे ताई, मातीला काय लागंना. पोरं ती दिसली की जोर थांबवत्यात." तरीपण मी शिडी मागितली आणि वर चढून, पट्टी होती तेवढ्यात तिच्या कडांना केलेली पेन्सिलची खूण मोजली. दीड इंच भरली.